ड्रम कोर: गाजलेले क्षण, बदललेल्या शैली आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरातलं पोर शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये जायला लागलं, की एखाद्या उन्हाळ्यात 'ड्रम कोर' हे प्रकरण घरात शिरतं. यूट्यूबवर दीडशे मुलं मैदानभर पळत ट्रम्पेट वाजवताना दिसतात आणि आईबाबांचे, काका-मावशांचे प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी आवडनिवड मधूनमधून डोकावेल, त्याला इलाज नाही.

ड्रम कोर आणि मार्चिंग बँड यांत फरक काय?

मार्चिंग बँड शाळेचा किंवा कॉलेजचा असतो आणि त्यात क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन सगळं चालतं. ड्रम कोर ही शाळेशी संबंध नसलेली स्वतंत्र संस्था. तिच्यात परंपरेने तीनच गट: पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा कलर गार्ड. मुलं निवड चाचणी देऊन येतात, साधारण एकविशीपर्यंत राहतात आणि वय संपलं की बाहेर पडतात. याला 'एज आउट' म्हणतात. शेवटच्या रात्री मैदानावर ढसाढसा रडणारी मुलं दिसतात ती बहुतेक एज आउट झालेलीच असतात.

आणखी एक फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही. इथे अख्खा उन्हाळा एकच कार्यक्रम वाजवायचा, तोही जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा. जूनमध्ये तो कच्चा असतो, ऑगस्टमध्ये अंतिम फेरीपर्यंत घोटून घोटून तयार होतो.

हे सुरू कुठून झालं?

पहिल्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, म्हणजे अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांनी, गावोगावी मुलांची पथकं काढली. चर्च आणि स्काउटच्या तुकड्याही त्यात होत्या. बिगूल आणि ड्रम ही लष्करी वाद्यं, चालणं लष्करी, गणवेश लष्करी. स्पर्धाही याच संघटना घ्यायच्या आणि नियमही त्यांचेच असत.

पुढे कोरच्या संचालकांना हा कारभार जाचू लागला. कॅव्हलिअर्स, ट्रूपर्स, मॅडिसन स्काउट्स, सँटा क्लारा व्हॅनगार्ड, ब्लू स्टार्स अशा नावाजलेल्या पथकांनी 1971 मध्ये एकत्र येऊन आपल्या अटी मांडल्या आणि त्यातून ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभी राहिली. 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या लहानशा गावात तिची पहिली अंतिम फेरी झाली आणि कॅलिफोर्नियाचं ॲनाहाइम किंग्जमेन जिंकलं. तेव्हापासून नियम कोरच्याच हातात आले. माझ्या मते या कलेतली शैली आधी नियमपुस्तकात बदलते आणि मग मैदानावर, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची.

बिगुलावर मोजकेच सूर निघतात ना? मग एवढं संगीत कसं बसवतात?

साध्या बिगुलाला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायची कळ, नसतो. ओठ आणि श्वास यांच्या जोरावर निघतील तेवढेच सूर, म्हणजे पहाटेच्या लष्करी पुकाऱ्यात ऐकू येतात ते. ड्रम कोरचे बिगूल 'जी'चे, आपल्या भाषेत पांढरी पाचचे. पूर्ण सप्तक हाती नाही, त्यामुळे सुरुवातीची वर्षं तुकड्या तुकड्यांच्या सुरावटीवर निघाली.

मग एक आडवा पिस्टन आला. त्याच्या जोडीला फिरता व्हॉल्व्ह आला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दोन उभ्या व्हॉल्व्हचे बिगूल आले आणि 1990 मध्ये तिसऱ्या व्हॉल्व्हला परवानगी मिळाली. इथवर येताना बिगुलाचा ट्रम्पेट झालाच होता, फक्त पट्टी पांढरी पाच राहिली होती. 2000 पासून तेही बंधन गेलं. आता ट्रम्पेट काळी पाचचे आणि मेलोफोन (फ्रेंच हॉर्नच्या जागी वाजणारं, पुढे तोंड असलेलं वाद्य) पांढरी चारचे, म्हणजे कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळतात तसे.

खर्चाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच होतं, कारण जुने बिगूल कोरबाहेर कोणी घेत नसे. पण त्या बिगुलांचा आवाज खरखरीत, किंचित बेसूर आणि अंगावर येणारा होता. जुन्या रसिकांना अजून त्याची हुरहूर आहे. मलाही आहे, पण 1990 पूर्वीची काही रेकॉर्डिंग शांतपणे ऐकली की खालचे सूर किती हेलकावत होते तेही कळतं.

फ्रेंच हॉर्न का दिसत नाही?

कारण वाद्याचं तोंड प्रेक्षकांकडे हवं. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, म्हणून त्याच्या जागी मेलोफोन. ट्यूबा खांद्यावर आडवा ठेवून पुढे रोखतात. 2014 पासून सगळी पितळी वाद्यं चालतात, त्यामुळे आता ट्रॉम्बोन दिसतो, क्वचित हॉर्नही. पण फौजेचा मुख्य भाग अजून पुढे तोंड असलेल्या वाद्यांचाच आहे.

पळत पळत वाजवताना ताल कसा सुटत नाही?

सुटतो. म्हणून तर सराव.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर. आवाजाला एवढं अंतर कापायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत एक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढा. म्हणजे डाव्या टोकाचा ट्रम्पेटवाला उजव्या टोकाच्या सोबत्याचं ऐकून वाजवू लागला, तर जवळपास एक अख्खी मात्रा मागे पडेल. आपल्याकडे सोबत्याचं ऐकून वाजवणं हा चांगल्या वादकाचा गुण मानतात. इथे तोच घात करतो.

उपाय असा: मैदानाच्या मागच्या भागात असलेल्या ड्रमलाइनचा, म्हणजे चालत ड्रम वाजवणाऱ्यांच्या रांगेचा, आवाज प्रमाण मानायचा, आणि पुढच्यांनी तो आपल्यापर्यंत येईल तसा त्यात मिसळायचं. पुढे उभी असलेली मारिंबा आणि टिंपनीची मंडळी तर पूर्णपणे मागून येणाऱ्या आवाजावर वाजवतात. ड्रम मेजर, म्हणजे समोर उभा राहून ताल दाखवणारा, बऱ्याचदा मधल्या स्नेअरवाल्याच्या (स्नेअर म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम) पावलांवर नजर ठेवून हात फिरवतो, कारण पावलं दिसायला वेळ लागत नाही. प्रेक्षकांत बसून सगळं एकदम ऐकू येतं तेव्हा ही कसरत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पूर्वी म्हणे चुका मोजून गुण कापायचे?

हो. त्याला 'टिक' म्हणत. परीक्षक हातात पाटी घेऊन मैदानावर मुलांच्या रांगांत फिरायचे. पाऊल चुकलं, काठी उशिरा पडली, सूर फाटला, की एक खूण आणि 0.1 गुण वजा. पथक पूर्ण गुण घेऊन सुरुवात करायचं आणि मिनिटामिनिटाला गरीब होत जायचं.

अशा पद्धतीत शहाणा माणूस काय करील? अवघड काही करणारच नाही. सरळ रांगा, दोन्ही बाजूंना सारखी नक्षी, आणि कठीण तुकडा आला की उभं राहून वाजवायचं. जुन्या कार्यक्रमांचा देखणा करकरीतपणा बराचसा या भीतीतून आला आहे. 1984 च्या हंगामापासून टिक गेली. परीक्षक आता मुलांनी काय साधलं, ते किती अवघड होतं आणि किती परिणामकारक झालं याचे गुण देऊ लागले.

मग 1984 मध्ये लगेच फरक पडला का?

पडला, आणि तयारी आधीच झाली होती. न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी 1983 मध्येच मैदानाची समरूपता मोडायला घेतली होती. त्यांची रचना जॉर्ज झिंगाली करायचे. आधीच्या रचनांत डावीकडे जे घडेल तेच उजवीकडे घडायचं. झिंगालींनी आकार वाहते केले. एक वक्र रेषा ताणली जाते, तिच्या पोटातून दुसरी निघते, आणि नजर कुठे ठेवावी हे कळेपर्यंत तिसरा आकार तयार असतो. मुलांना त्यासाठी अक्षरशः धावावं लागायचं.

1984 मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या 'वेस्ट साइड स्टोरी'चं संगीत घेऊन ते पुन्हा जिंकले, 1985 मध्येही. डीसीआयचं विजेतेपद सलग तीनदा मिळवणारं ते पहिलं पथक. कोणी मला एकच जुनं रेकॉर्डिंग मागितलं तर मी 1984 चं देतो. टिक गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मुलांना पळायची मुभा मिळाली आहे आणि ती त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत वापरली आहे. थोडं कच्चं आहे, काही ठिकाणी सूर ओरखडतात. त्याशिवाय ते इतकं जिवंत वाटलं नसतं.

जुने रसिक 'कंपनी फ्रंट' म्हटलं की डोळे का मिटतात?

सगळे वादक एका लांबलचक सरळ रांगेत, खांद्याला खांदा, आणि ती रांग पूर्ण आवाजात प्रेक्षकांवर चालून येते. संगीत म्हणून यात फारशी गुंतागुंत नाही. पण साठ-सत्तर वाद्यांची तोंडं एकाच दिशेने उघडली की पोटात हलतं, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या 27थ लान्सर्सचं 'डॅनी बॉय', ॲटलांटाच्या स्पिरिटचा 1980 च्या आसपासचा उष्ण, दणदणीत ब्रास, मॅडिसन स्काउट्सचं 1988 चं 'मालागेन्या' ही या घराण्याची ठेव. मॅडिसन डीसीआय दोनदाच जिंकलं, 1975 आणि 1988, पण प्रेक्षकांच्या मनात त्यांचं स्थान कितीतरी वरचं आहे. सँटा क्लारा व्हॅनगार्डचं बाटली नृत्यही याच पिढीचं: 'फिडलर ऑन द रूफ'मधली गाणी आणि डोक्यावर बाटली तोलून नाचणारी मुलं. 1992 मध्ये त्यांनी ते परत आणलं तेव्हा जुनी मंडळी खूश झाली होती.

ड्रमलाइनचा आवाज मध्येच एवढा टणक का झाला?

दोन कारणं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मैदानाच्या पुढच्या कडेला वाद्यं जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली. त्याआधी मुलं टिंपनी आणि झायलोफोन गळ्यात अडकवून चालायची. पाठदुखीची ती पिढी संपली आणि मोठे मारिंबा, व्हायब्राफोन, घंटा आणि गाँग आले. मृदू आवाजांचं काम पुढच्या या ताफ्याकडे, म्हणजे 'पिट'कडे, गेलं आणि चालणाऱ्या ड्रमलाइनला फक्त धार उरली.

दुसरं कारण केवलार. गोळीरोधक जाकिटांत वापरतात त्या धाग्याची कातडी स्नेअरवर चढली आणि ती इतकी ताणता येऊ लागली, की जुन्या ड्रमचा सांगाडा तो ताण सोसेना. मग सांगाडेच मजबूत घडवले गेले. ठोका आखूड, कोरडा आणि स्पष्ट झाला, त्यामुळे दहा स्नेअरवाल्यांतला एक जण केसभर मागे पडला तरी पकडला जातो. लेखनही त्यामुळे दाट झालं. कधी कधी इतकं दाट, की दूरच्या रांगेत बसलेल्याला फक्त सरसर ऐकू येते.

1993 च्या स्टार ऑफ इंडियानाबद्दल अजून वाद का होतो?

कारण त्या वर्षी एका पथकाने प्रेक्षकांना खूश करायचं नाकारलं.

स्टार ऑफ इंडियाना 1985 मध्ये मैदानात उतरलं. पाठीशी ब्लूमिंग्टनचे उद्योगपती बिल कुक होते. बाकीची पथकं लॉटरी आणि बिंगोच्या पैशांवर चालत असताना यांच्याकडे सगळं चकचकीत. साहजिकच लोकांचा थोडा राग होता. 1991 मध्ये रोमवरच्या भव्य, झगमगीत संगीतावर ते जिंकले तेव्हाही सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या नाहीत.

1993 मध्ये त्यांनी बेला बार्टोक आणि सॅम्युएल बार्बर यांचं संगीत घेतलं. बार्बरची 'मिडिया', म्हणजे सूडापोटी आपलीच मुलं मारणाऱ्या आईची ग्रीक कथा. कार्यक्रमात टाळीची जागाच नाही. सूर तुटक, लांब शांतता, मध्येच अंगावर येणारे धक्के. गणवेश साधे, गार्डच्या हालचाली समकालीन नृत्यासारख्या. काही ठिकाणी प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची!

अंतिम फेरी मिसिसिपीतल्या जॅक्सनला झाली. कॅडेट्स 0.1 गुणाने जिंकले, स्टार दुसरे. त्यानंतर स्टारने स्पर्धा सोडली, रंगमंचाची वाट धरली, आणि त्यातून पुढे 'ब्लास्ट!' हा प्रयोग तयार झाला. 2001 मध्ये ब्रॉडवेवर त्याला विशेष नाट्यप्रयोगासाठीचा टोनी पुरस्कार मिळाला.

त्या रात्री कोण जिंकायला हवं होतं यावर मंडळी अजून भांडतात. माझं मत विचाराल तर कॅडेट्सचा कार्यक्रम अधिक पूर्ण होता, पण पुढच्या तीस वर्षांवर ठसा स्टारचा उमटला. आजची पथकं गार्डला नर्तक मानतात, मैदानावर शांतता ठेवायला घाबरत नाहीत, हॉर्नवाल्यांना जमिनीवर लोळवतात. यातलं बरंचसं तेव्हा हुर्यो खाऊन गेलं होतं.

सगळ्यात चुरशीचा निकाल कोणता?

बरोबरीत सुटलेले निकाल आहेत: 1996 मध्ये ब्लू डेव्हिल्स आणि फँटम रेजिमेंट, 1999 मध्ये ब्लू डेव्हिल्स आणि सँटा क्लारा, 2000 मध्ये कॅडेट्स आणि कॅव्हलिअर्स. पण लोक नाव काढतात ते 2008 चं. फँटम रेजिमेंटने रोमन गुलामांच्या बंडाची कथा उभी केली, मुलं मैदानावरून 'आय ॲम स्पार्टाकस' म्हणून ओरडायची आणि प्रेक्षकही ओरडायचे. ब्लू डेव्हिल्सपेक्षा 0.025 गुण जास्त. पाव दशांश!

ब्लू डेव्हिल्सच नेहमी कसे जिंकतात?

कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचं हे पथक. पहिलं विजेतेपद 1976 मध्ये, आणि वीसहून अधिक विजेतेपदं. 2014 मधला 99.65 हा त्यांचा गुणांक डीसीआयच्या इतिहासातला सर्वाधिक. कारणं रटाळ आहेत: शिक्षक वर्षानुवर्षं टिकतात, लहान मुलांची तयारीची पथकं आहेत, पैशाची शिस्त आहे. सुरुवातीचा त्यांचा जॅझ मला आजच्या त्यांच्या बौद्धिक कार्यक्रमांपेक्षा जास्त आवडतो. हे बोलून दाखवलं की भांडण होतं.

आता माइक आणि सिंथेसायझर आलेत. याला ड्रम कोर म्हणायचं का?

2004 मध्ये पिटला आणि मानवी आवाजाला ध्वनिवर्धक मिळाला, 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली. सुरुवातीची काही वर्षं खरोखर वाईट होती. संवाद रेकॉर्ड करून ऐकवायचे, खालून सिंथचा घोंगावणारा षड्ज सोडून ब्रासचा पोकळपणा झाकायचे. ट्यूबा काय वाजवतात हेच कळेना.

मत बदलायला लावलं 2014 च्या ब्लूकोट्सनी. ओहायोतल्या कँटनचं हे पथक निवृत्त पोलिसांनी सुरू केलं होतं, नाव त्यावरून. 'टिल्ट' नावाच्या कार्यक्रमात सिंथ आणि ब्रास मिळून आख्खा सूर घसरवत खाली नेतात, जणू मैदानच कलंडतंय. आपल्या कानांना मींड परिचयाची, पण ऐंशी पितळी वाद्यांची एकत्र मींड याआधी ड्रम कोरमध्ये मी ऐकली नव्हती. ते दुसरे आले. 2016 मध्ये 'डाउन साइड अप'ने त्यांना पहिलं विजेतेपद मिळालं.

यंत्राशिवाय काय होऊ शकतं तेही त्याच सुमारास दिसलं. 2013 मध्ये कॅरोलायना क्राउनने फिलिप ग्लास यांच्या संगीतातली वेगवान आवर्तनं सगळ्या ब्रासकडून तिहेरी जिभेने वाजवून घेतली. 'त-त-क' असा बोल जिभेवर धरून, एका दमात, चालत. त्या वर्षीचे विजेते तेच.

याची तुलना आपल्या ढोल-ताशा पथकांशी करता येईल का?

थोडी. लष्करी कवायतीची छाप, महिनोन् महिने सराव, नवे पोरगे-पोरी, गणवेशाचा अभिमान आणि 'आमचं पथक' ही भावना अगदी तीच. पण ढोल पथक गर्दीसाठी आणि मिरवणुकीच्या वेगाने वाजतं. ड्रम कोर उंच स्टँडमध्ये बसलेल्या परीक्षकासाठी सेकंदाच्या हिशेबाने बांधलेला असतो. ताशाची तर्री ऐकून वाढलेल्या कानाला स्नेअरचा 'रोल' आवडायला फार वेळ लागत नाही, एवढं सांगतो.

आमच्या मुलीला जायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

फी काही हजार डॉलर, शिवाय प्रवास. उन्हाळ्यात दुसरं काहीच होणार नाही. रात्री बसमध्ये, सकाळी कुठल्या तरी शाळेच्या जिमच्या फरशीवर झोप, मग दिवसभर उन्हात सराव. जेवण ट्रकवर बसवलेल्या स्वयंपाकघरातून. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या.

पथकाची सुरक्षेची धोरणं आणि जमाखर्चही विचारा, संकोच करू नका. 1934 पासून चालू असलेले कॅडेट्स 2024 मध्ये बंद पडले, ते जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून झालेल्या खटल्याच्या खर्चामुळे. सँटा क्लारा व्हॅनगार्डने पैशांअभावी 2023 चा हंगाम सोडला होता. नाव मोठं असलं म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

अलीकडून मागे जा. 2025 मध्ये बॉस्टन क्रूसेडर्स पहिल्यांदाच जिंकले, स्थापनेनंतर पंच्याऐंशी वर्षांनी. तो कार्यक्रम आधी पाहा, म्हणजे आजची शैली कळेल. मग 2014 चे ब्लूकोट्स, 2008 ची फँटम, 1993 चे दोन्ही, 1984 चे कॅडेट्स आणि शेवटी 1980 चे 27थ लान्सर्स. मोबाइलच्या स्पीकरवर नको, निदान हेडफोन लावा. आणि ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या जवळपास असाल तर लुकास ऑइल स्टेडियमची तिकिटं काढा. फार खालच्या रांगा घेऊ नका, तिथून मैदानावरचे आकार दिसत नाहीत.